टाकीमागची नळी

मी आहे एक जुनी नळी. हसू नका मित्रांनो. गाडीची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता इंजिन बोलेल, नाहीतर चाकं बोलतील, गेला बाजार हॉर्न तरी बोलेल. त्यांना बोलायची सवयच आहे. मी ब्रेकची नळी. गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाणारी, तुमच्या करंगळीपेक्षाही बारीक. माझ्या आत ब्रेक ऑइल भरलेलं असतं. कुणी पायाने ब्रेक दाबला की तो दाब ऑइलमधून माझ्यात येतो आणि मी तो मागच्या चाकांना नेऊन देते. एवढंच माझं काम. हे एवढंसं काम बिघडलं तर काय होतं, ते मला सांगायचं आहे. सांगून आता फारसा उपयोग नाही, तरी सांगते. मनात ठेवून ठेवून माझा जीव अगदी कोंडला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साध्या पोलादाची पट्टी गुंडाळून मला नळी केलं, टोकं फुलवली आणि वाकवायच्या यंत्रात घालून हवी तिथे वळणं दिली. पुढे सरळ, मग थोडी डावीकडे, मग पेट्रोलच्या टाकीमागून वर चढून परत खाली. शेवटी एका बाईंनी माझ्यात दाब भरून पाहिला, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. ती मान डोलावलेली मला आयुष्यभर पुरली. त्यानंतर माझ्याकडे असं निरखून कुणी पाहिलंच नाही.

मला ज्या गाडीत बसवलं ती एका रंगाऱ्यांनी घेतली. घरं, दुकानं, शाळा, जे सांगाल ते रंगवायचे. घरात ते, त्यांची बायको आणि एक लेक. लेक लहानपणी सगळ्या मावस-चुलत भावंडांत बुटकी होती म्हणून तिला टिंगू म्हणायचे. पुढे ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली, तरी टिंगूच राहिली. घरच्या नावांचं असंच असतं, एकदा चिकटली की निघत नाहीत.

कामाची माझी वर्षं फार छान गेली. गाव समुद्राकाठी, एका टेकडीच्या उतारावर वसलेलं. खाली बंदर आणि बाजार, वर दवाखाना आणि मोठी शाळा. त्यामुळे कुठेही जायचं तर चढ नाहीतर उतार, आणि उतार म्हटलं की माझी पाळी. एकदा एक आजोबा इकडेतिकडे न बघता थेट गाडीसमोर उतरले. बाबांनी, म्हणजे त्या रंगाऱ्यांनी, करकचून ब्रेक दाबला. मी होता नव्हता तेवढा दाब मागे नेला आणि गाडी आजोबांच्या काठीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. आजोबांनी उलट बाबांनाच चार शब्द सुनावले.  बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, शहाणी आहे माझी गाडी. काम केलं मी, थाप मिळाली डॅशबोर्डला! पण खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. मागच्या सीटवर टिंगू शाळेच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. ती जागीसुद्धा झाली नाही, यातच मी भरून पावले.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. समुद्राकाठची हवा खारट. ते मीठ रस्त्यावरच्या पाण्यातून उडून आमच्या अंगावर बसतं आणि लोखंड खातं. बाबांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायचे, जुनी सतरंजी अंथरून खाली आडवे व्हायचे आणि गाडीच्या पोटाला काळा जाड रंग द्यायचे. तोंडावर थेंब पडायचे, मान अवघडायची, तरी गडी हटायचा नाही. आई दारातून विचारायची, की जेवायला बाहेर येताय का ताट खाली सरकवू? असा माणूस होता. जीव लावायचा गाडीला.

भिंत रंगवताना बाबांचा एक नियम होता. आधी पत्तीने जुना पापुद्रा खरवडायचा, भिंत कोरडी करायची, मगच ब्रशला हात लावायचा. हाताखालच्या माणसाने खरवडायचा कंटाळा केला तर ते चक्क बादली काढून घ्यायचे. पण मी जिथे टाकीमागून वर चढते ना, ती जागा फार अडचणीची. तिथे ब्रश तिरका घातला तर कसाबसा पोचायचा. पत्ती पोचायची नाही. टाकी उतरवल्याशिवाय ती पोचणारच नव्हती. मग बाबा तेवढ्या भागावर खरवडल्याशिवायच रंग मारायचे, आणि खरवडता आलं नाही याची भरपाई म्हणून दोन हात जास्त मारायचे.

आता तुम्हीच विचार करा. अंगावर खारा ओलावा आणि वरून जाड रंगाचं पांघरूण. ओलावा जाणार कुठे? तो आतच मुरला आणि मला गंज चढू लागला. गंजाला घाई नसते. तो शांतपणे खात बसतो. वरून मी काळीभोर, चकचकीत, आणि आतून दर वर्षी थोडी पातळ. पुढच्या उन्हाळ्यात परत ब्रश यायचा. मी मनात म्हणायचे, अहो बाबा, नको आता, जरा नखाने टोकरून तरी बघा. पण नळीला कुठे तोंड असतं? जो माणूस माझी एवढी काळजी घेत होता, त्याच्याच हाताखाली मी संपत चालले होते आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

अशात टिंगूला वरच्या दवाखान्यात नोकरी लागली. रक्त तपासायच्या खोलीत. पोरीने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. आई तर शेजारीपाजारी, ओळखीपाळखीत, ज्याला त्याला सांगत सुटली. बाबांनी ठरवलं, गाडी आता टिंगूने वापरायची. ती नुकतीच चालवायला शिकली होती. हात चांगला होता, पण नवखी ती नवखीच. रोजचा तो उतार डोळ्यांसमोर आला आणि बाबांची झोप उडाली. ते गाडी घेऊन सरळ मामांच्या गॅरेजात गेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. हाताला गुण होता आणि त्याहून जास्त जिभेला.

बाबांनी सांगितलं, की माझी लेक या गाडीतून रोज खाली उतरणार आहे, तिचे ब्रेक मला एक नंबर पाहिजेत. मामांनी बाकावर नळ्या मांडल्या. चाकांजवळ माझ्या टोकाला जोडलेल्या असतात त्या मऊ नळ्या, कारण चाकं हलतात, वळतात, आणि माझ्यासारखी ताठ बाई तिथे मोडून पडेल. आमच्या गाडीत तिथे रबरी नळ्या होत्या. मामा समजावू लागले. रबराला पुढेमागे चिरा पडतात. शिवाय जोरात दाबलं की रबर जरासं फुगतं, थोडा दाब तिथेच जिरतो आणि पेडल लिबलिबीत लागतं. त्याऐवजी ही घ्या, असं म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांनी विणलेली नळी पुढे केली. फुगत नाही, गंजत नाही, दगड उडून लागला तरी हिला काही होत नाही. दाबलं की लगेच ब्रेक. टिंगूने ती हातात घेतली, वाकवून पाहिली, उजेडात धरली. बाबांना दुसरं काही बघायचंच नव्हतं. चारही चाकांना स्टीलच्या नळ्या घालायचं ठरलं.

खरं सांगते, मलाही आनंद झाला. आपल्याला चार तगड्या सोबतिणी मिळणार, कुणाला आवडणार नाही? पण माझ्या मनात एकच होतं, आता कुणीतरी माझंही नाव काढा. आणि काढलं. टिंगूनेच काढलं.

"मामा, आणि ती मधली लांब नळी? ती किती जुनी आहे?"

"गाडीएवढी."

"मग तीपण बदला ना."

मामांनी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, बदलता येईल, स्टीलची लांब नळीही मिळते. पण ती भलती ताठ, वाकवताना चुकली तर फेकूनच द्यावी लागते, आणि टाकी उतरवावी लागेल. सोमवारपर्यंत होणार नाही. सोमवारी टिंगूचा कामाचा पहिला दिवस होता. बाबा हसले. त्यांनी बॅटरी घेतली, गाडीखाली उजेड पाडला आणि मामांना म्हणाले, बघ, कशी काळीभोर आहे. मी स्वतः रंग देतो हिला, एक वर्ष चुकवलेलं नाही. मामा वाकले. माझ्यावर अंगठा फिरवला. पण कुठे फिरवला? पुढच्या सीटखाली, जिथे मी सरळ आहे, जिथे पत्ती पोचायची आणि जिथे मी खरंच धडधाकट होते. टाकीमागे त्यांचा हात गेलाच नाही. मामा म्हणाले, उत्तम आहे, उगाच कशाला हात लावायचा.

त्या क्षणी मला वाटलं, आपण आत्ताच फुटावं. इथेच, गॅरेजात, सगळ्यांसमोर. भळाभळा वाहावं म्हणजे यांना कळेल. पण फुटणंसुद्धा आपल्या हातात नसतं मित्रांनो.

सोमवार उजाडला. टिंगू गाडी चालवत वर गेली, खाली आली. पेडल कसं घट्ट लागतं म्हणून खूश झाली. नव्या सोबतिणी दिसायला झोकदार आणि कामाला चोख, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पूर्वी रबर थोडं फुगून दाबाचा धक्का गिळायचं, आता तो धक्का धाडकन माझ्यावर येऊ लागला. मी सोसत राहिले. प्रत्येक वेळी टाकीमागच्या त्या वळणात काहीतरी कुरकुरायचं. काही दिवसांनी तिथून ऑइल पाझरू लागलं. अगदी थोडं. रंगाच्या आतून वाट काढत ते खाली यायचं आणि अंगणातल्या फरशीवर एक थेंब पडायचा.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, मिळाली एकदाची आपल्याला वाचा. आता कुणीतरी विचारेल, हा डाग कसला? आणि आईला तो दिसलाही. पण गाडी जुनी, तिच्याखाली या ना त्या तेलाचा डाग कायमचाच. आईला अंगण लख्ख लागायचं. तिने फडकं आणलं, डाग पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी मी परत थेंब टाकला. तिने परत पुसला. काय करणार? मी टाकायची आणि तिने पुसायची, असं आमचं चाललं होतं.

मग तो दिवस आला. आईला लेकीच्या कामाची जागा बघायची होती, म्हणून टिंगू तिला सकाळीच वर घेऊन गेली होती. दुपारी दोघी परत निघाल्या. आई खूप खुशीत होती. त्या काचेच्या बारीक नळ्या, ती यंत्रं, सगळ्यांनी आपल्या लेकीला ताई ताई म्हणणं, तिचं बोलणं संपेना. बोलता बोलता ती पर्समध्ये चष्मा शोधू लागली. गाडी उताराला लागली. खाली वळणावर बसथांबा आहे, तिथे माणसं उभी होती. टिंगूने नेहमीसारखा ब्रेक दाबला.

आणि मी फुटले.

मला सगळं कळत होतं. दाब आला, टाकीमागच्या वळणापर्यंत पोचला आणि तिथूनच बाहेर गेला. मागच्या चाकांना मी काहीही देऊ शकले नाही. टिंगूच्या पायाखालचं पेडल खोल खाली गेलं. तिने परत दाबलं, परत दाबलं, अंगातलं सगळं बळ एकवटून दाबलं. पुढच्या चाकांनी थोडं धरलं, पण ते त्या उताराला पुरेना. तिने हँडब्रेक ओढला, पण तोही पुरला नाही. समोर माणसं होती. टिंगूने चाक वळवलं आणि गाडी दगडी भिंतीवर घातली, आई बसली होती त्या बाजूने, कारण दुसऱ्या बाजूला माणसं होती. विचार करायलाही वेळ नव्हता, तरी पोरीने तेवढं केलं. थांब्यावरच्या कुणालाही खरचटलं नाही. आईचा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

खरं रडण्यासारखं पुढेच आहे.

गाडी ओढून मामांच्या गॅरेजात आणली. पुढचा भाग चेपला होता, तिथली ब्रेक ऑइलची बाटली फुटून सगळीकडे ओलंच ओलं झालं होतं. दवाखान्यातून टिंगूचं एकच म्हणणं होतं, की मी ब्रेक दाबला होता, तो खाली गेला. म्हणून मामांनी आधी काय तपासलं? त्यांनी बसवलेल्या स्टीलच्या नळ्या. चारही शाबूत. ओढून पाहिल्या, वाकवून पाहिल्या, एका तारेलाही धक्का नव्हता. टिंगूने निरोप धाडला, की ती मधली लांब नळी बघा. मामांनी तीही बघितली, बॅटरीचा उजेड टाकून. आतला दाब गेला तसा माझ्यावरचा रंगाचा पापुद्रा परत मिटून बसला होता. मी दिसत होते काळीभोर, चकचकीत. मी आतून आक्रोश करत होते, की मामा, इथे, जरा इथे बोट लावा. ते उठले आणि हात पुसत बाबांना म्हणाले, की ब्रेकला काहीएक झालेलं नाही, स्टीलच्या नळ्या आहेत, त्या दगा देत नाहीत. रस्त्यावर चाक घासल्याची खूणसुद्धा नाही. पोरीचा पाय चुकला असणार, नवखं माणूस घाबरलं की होतं असं.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. टिंगू भांडली असती. पण ते रागावले नाहीत. तिच्या शेजारी बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, होतं बाळा, चूक कुणाच्याही हातून होते, आम्ही मनात काही ठेवलेलं नाही. आईनेही पलंगावरून तेच सांगितलं. जी चूक तिने केलीच नव्हती, ती सगळ्यांनी इतक्या मायेने माफ केली, की बिचारीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

हे सगळं मला कसं कळलं? बाबा गाडीपाशी येऊन बसायचे आणि मामांशी बोलायचे. त्यातून कळत गेलं. आई आता काठी घेऊन चालते. टिंगूने वरची नोकरी सोडली. चाकाला हात लावायचा नाही म्हणते, आणि बसमधून जायचं तरी ते वळण लागतंच. खाली बाजारात एका औषधांच्या दुकानात काम करते. आई उठताना कण्हली की ती खोलीतून निघून जाते.

शेवटी गाडी भंगारात काढली. तिथे नेऊन टाकल्यावर एक दिवस बाबा आणि टिंगू आले. डिकीत आईची छत्री राहिली होती, ती न्यायला. छत्री मिळाली तरी बाबांचा पाय निघेना. ते गाडीभोवती फिरले, मागच्या बाजूला उकिडवे बसले आणि खाली डोकावले. टिंगूही शेजारी बसली. दोघांचे चेहरे मला इतक्या जवळून कधी दिसले नव्हते. टिंगू किती वाळली होती. ती माझ्याकडेच बघत होती, टाकीमागच्या त्या वळणाकडे. तिने हात पुढे केला. माझ्या अंगापासून तिची बोटं वीतभर लांब असतील, तोच बाबा बोलले.

"बघ, खालून अजून कशी नव्यासारखी आहे."

टिंगूचा हात थांबला. तिने परत एकदा त्या चकचकीत रंगाकडे बघितलं. मग हात मागे घेत म्हणाली, "चुकलाच असेल माझा पाय, बाबा."

इतके दिवस ती हे बोलली नव्हती. सगळे म्हणत होते, ती म्हणत नव्हती. त्या दिवशी तीही म्हणाली. बाबांनी तिला उठायला हात दिला आणि दोघं गेली.

मित्रांनो, मी इथेच पडून आहे. एक दिवस मला वितळवतील आणि खरं काय ते माझ्याबरोबर जाईल. म्हणून तुमच्याजवळ बोलले. तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्या माणसांना सांगा, की नव्या नळ्या जरूर घाला, चांगल्या स्टीलच्या घाला, पण जुनी कुठे दडून बसली आहे तेही बघा. नुसता उजेड पाडू नका, हात लावून बघा, खरवडून बघा. जिथे हात पोचत नाही तिथे आडवं येतंय ते उतरवून बघा. आणि घरातलं कुणी कळवळून सांगत असेल, की मी केलं होतं हो, तर आधी नीट वाकून बघा. माफ नंतर करा.

टिंगू तुम्हाला कुठे भेटली तर तिला एवढं सांगाल का? तिने ब्रेक दाबला होता. पुन्हा पुन्हा, जीव खाऊन दाबला होता. प्रत्येक वेळी तो दाब माझ्यापर्यंत आला होता.